थेट चित्रण आणि मूळस्थानाचा निर्देश

इतिहासाच्या अभ्यासात एखाद्या साधनाचे मोल ठरविताना ते कोणी, केव्हा, कोठे आणि कोणासाठी निर्माण केले, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखरीपेक्षा अस्सल पत्राला अधिक मान देण्यामागे त्यांची हीच दृष्टी होती. वृत्तवाहिन्यांवरील थेट चित्रण हे उद्याचे इतिहाससाधनच होय. परंतु ते आपल्यापुढे येते ते बहुधा कर्त्याच्या निर्देशावाचून. पडद्याच्या कोपऱ्यातील 'थेट' हा शब्द केवळ काळ सांगतो. कॅमेरा कोणाचा, तो कोठे उभा आहे, दृश्याची निवड कोणी केली, यांविषयी तो मौन पाळतो.

या मौनाची किंमत ऑक्टोबर २०१९ मध्ये दिसून आली. अमेरिकेतील एबीसी न्यूज या संस्थेने तुर्कस्तानच्या सीरियातील हल्ल्याचे म्हणून एक दृश्य दाखविले. ते केंटकी राज्यातील एका गोळीबार मैदानावरील रात्रीच्या प्रात्यक्षिकाशी जुळत असल्याचे प्रेक्षकांनीच निदर्शनास आणले. संस्थेने ते मागे घेऊन खेद व्यक्त केला. हे प्रक्षेपण थेट नव्हते. म्हणजे तपासणीस अवधी होता. जेथे तो अवधीही नसतो, तेथे मूळस्थानाचा निर्देश हाच प्रेक्षकाचा एकमेव आधार उरतो.

प्रश्न केवळ खोट्या चित्रणाचा नाही. खरे चित्रणही अपुरे असू शकते. आपल्या संसदेच्या कामकाजाचे चित्रण सभागृहाच्या स्वतःच्या व्यवस्थेतील कॅमेरे करतात आणि खाजगी वाहिन्या तेच पुढे दाखवितात. कोणत्या क्षणी वक्ता दिसावा आणि कोणत्या क्षणी अध्यक्षांचे आसन, हा निर्णय वाहिनीचा नसतो. प्रेक्षकाला हे सांगितले नाही, तर संस्थेने स्वतःविषयी केलेली निवड तो तटस्थ साक्ष म्हणून स्वीकारतो.

मूळ उघड केल्याने ते धोक्यात येते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. २१ मे २०२४ रोजी इस्रायली अधिकाऱ्यांनी स्देरोत येथे असोसिएटेड प्रेसचा कॅमेरा जप्त केला. तो उत्तर गाझाचे थेट दृश्य देत होता, आणि ते अल जझीराला पुरविले जाते हे जप्तीचे कारण सांगण्यात आले. काही तासांनी साहित्य परत मिळाले. एवढ्या मोठ्या वृत्तसंस्थेची ही गत, तर वेढ्यात सापडलेल्या एकट्या नागरिकाचे नाव जाहीर करावे असे कोण म्हणेल?

तथापि या आक्षेपाने नावाचा आग्रह बाद होतो, निर्देशाचा नव्हे. चित्रण स्वतःच्या प्रतिनिधीचे, वृत्तसंस्थेचे, शासनाचे, सैन्याचे की अनाम नागरिकाचे; ते प्रत्यक्ष त्याच क्षणीचे की काही विलंबाने दिलेले; स्थळाची पडताळणी झाली की नाही: एवढे सांगण्याने कोणाच्याही जिवास अपाय होत नाही. नाव झाकून प्रकार सांगता येतो. जी वाहिनी प्रकारही सांगत नाही, ती साक्षीदाराचे रक्षण करीत नसून स्वतःच्या उणिवेचे रक्षण करते. अशा चित्रणाला अस्सल पत्राचा मान देणे अभ्यासकाला शक्य नाही. त्याची गणना बखरीतच करावी लागेल.