द्वंद्व-खेळांतील कथन : जिंकणारा हात आणि सांगणारा पडदा

‘फायटिंग गेम’ या व्हिडिओ-खेळाच्या प्रकारात कथेला स्थान नाही, दोन पात्रांची मारामारी एवढेच त्याचे स्वरूप, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. दोन खेळाडू समोरासमोर बसतात तेव्हा कथा स्थगित असते, हे खरे. परंतु खेळाडू एकटाच यंत्राशी लढतो तेव्हा लढतींच्या मालिकेला आरंभ, क्रम आणि शेवट लाभतो. म्हणजेच कथनाचा किमान सांगाडा उभा राहतो. या कथनात खेळाडूच्या कृतीला काय मोल मिळते, हा खरा प्रश्न आहे.

कॅपकॉम या जपानी संस्थेचा ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) पाहू. आठांपैकी एक योद्धा निवडायचा. उरलेले सात आणि त्यानंतरचे चार बलाढ्य प्रतिस्पर्धी यांना हरवले, की त्या योद्ध्याची छोटी समाप्तिकथा पडद्यावर येते. चुन-ली वडिलांच्या थडग्यापाशी जाते; गाइल सूड घेण्याच्या बेतात असताना पत्नी व मुलगी त्याला आवरतात. दोघांनी हरवलेला बायसन मात्र एकच. एक समाप्ती खरी मानली तर दुसरी डळमळते, आणि तरीही खेळ दोन्ही सारख्याच निष्ठेने सांगतो. (गळ्यात कवट्यांची माळ घालून आग ओकणारा धाल्सिम हा यातला भारतीय योगी. त्याच्या ‘भारतीयत्वा’चा समाचार स्वतंत्रपणेच घ्यायला हवा.)

पाठचिकित्सेच्या परिभाषेत हे पाठभेदच होत. फक्त त्यांच्यामागे मूळ पाठ नाही. तो ठरतो पुढचा भाग निघाल्यावर. नाम्कोच्या ‘टेकेन’मध्ये (१९९४) योद्ध्यागणिक समाप्ती वेगळी, ‘टेकेन २’ने (१९९५) त्यांतून काझुयाची निवडली, ज्यात तो पिता हेइहाची याला कड्यावरून लोटतो. उत्तरभाग येथे संपादकाचे काम करतो, पण हस्तलिखितांच्या पुराव्याने नव्हे, तर पुढील कथेच्या गरजेने.

आणि पराभवाचे काय? हरल्यावर योद्ध्याचा सुजलेला चेहरा दिसतो, उलटी मोजणी सुरू होते, नाणे टाकले की तीच लढत पुन्हा. पराभव कथेत नोंदलाच जात नाही. तो खेळाडूच्या खिशात नोंदला जातो. पात्राची कथा अखंड विजयाची, ती घडवणारा हात मात्र दहादा हरलेला. या विसंगतीतच या रूपबंधाचे वैशिष्ट्य आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

नेदररेल्मच्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ने (२०११) जुनी शिडी ठेवून तिच्याशेजारी सोळा प्रकरणांची एकसंध कथा रचली. आता नायक निवडायचा नाही. तो प्रकरणागणिक नेमून दिलेला असतो. कुंग लाओच्या प्रकरणात खेळाडू शांग त्सुंग व क्वान ची या दोघांना एकत्र हरवतो, मग किंतारोला. लगेचच चित्रफितीत शाओ कान मागून येऊन कुंग लाओची मान मोडतो. हातातली बटणे त्या क्षणी निरुपयोगी असतात. ॲरिस्टॉटलला अभिप्रेत असलेली कलाटणी कृतीच्या ओघातूनच निपजते. ही बाहेरून लादली जाते. खेळाडूची हतबलता हाच येथील आशय आहे, असा बचाव करता येईल, आणि या एका प्रसंगापुरता तो मान्यही करावा लागेल. जिंकलेल्याच्या वाट्याला येणारे हे दुःख निव्वळ प्रेक्षकाचे नाही. परंतु पुढे सिंडेल एकामागून एक वीर मारते तेही चित्रफितीतच. तोवर हतबलता अंगवळणी पडलेली असते.

‘स्ट्रीट फायटर ५’ फेब्रुवारी २०१६मध्ये आला तो आर्केड-शिडीविना. त्याच वर्षी पुढे त्याला चित्रपटसदृश दीर्घकथा जोडली गेली. शिडी परतली ती जानेवारी २०१८मध्ये. तिच्या अभावावर झालेली टीका केवळ मजकूर कमी पडल्याची तक्रार समजणे अपुरे होईल. आपण निवडलेल्या योद्ध्याला आपल्या हाताने शेवटापर्यंत नेण्याचा हक्कच तेथे नाकारला गेला होता.

याउलट ‘गिल्टी गिअर स्ट्राइव्ह’च्या (२०२१) कथाविभागात खेळाडूला एकही लढत नाही, तो केवळ पाहायचा. हे मला अधिक प्रामाणिक वाटते. येथे निदान जिंकायला लावून मग हरवले जात नाही.