‘चेंडू राखणे’ आणि ‘वेळ काढणे’ : एका क्रीडाविषयक वादाची भाषा

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या बास्केटबॉलमध्ये संथ खेळाच्या डावपेचाविषयीचा वाद पुष्कळ जुना आहे. एका संघाने चेंडू आपसांत फिरवीत राहावे, टोपलीकडे फेकण्याची घाई करू नये, प्रतिपक्षास ताटकळत ठेवावे, अशी ही रीत. समर्थक तिला ‘बॉल कंट्रोल’ म्हणतात, विरोधक ‘स्टॉल’. वादाचा निम्मा निवाडा या नामकरणातच होऊन जातो. पहिल्या शब्दात कृतीचा विषय चेंडू आहे, दुसऱ्यात खेळ. पहिल्यात कौशल्य गृहीत धरलेले आहे, दुसऱ्यात अडवणूक. मराठीतही ‘वेळकाढूपणा’ म्हटले की ‘-पणा’ या प्रत्ययाने कृती मागे पडून स्वभाव पुढे येतो, आणि चर्चा डावपेचाची न राहता शिक्षकाच्या चारित्र्याची होऊन बसते.

या शब्दांचा अपुरेपणा इंडियाना राज्यातील 1954 च्या अंतिम सामन्यात स्पष्ट दिसतो. मायलन या लहानशा गावच्या शाळेने आपल्याहून कितीतरी मोठ्या मन्सी सेंट्रल शाळेस 32–30 असे हरविले. चौथ्या सत्रात मार्गदर्शक मार्व्हिन वुड यांच्या योजनेनुसार बॉबी प्लम्प हा खेळाडू चार मिनिटांहून अधिक काळ चेंडू धरून उभा राहिला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या वेळी मायलनचा संघ पुढे नव्हता, मागे होता. मिळविलेली आघाडी जपण्यासाठी भित्रे लोक वेळ काढतात, हा विरोधकांचा आवडता युक्तिवाद येथे लागूच पडत नाही. चेंडूचे हस्तांतर जितके कमी, तितका बलवानाच्या सरसपणाला वाव कमी, हे साधे गणित दुर्बळाच्या उपयोगी पडते.

शिवाय खेळ थांबविण्यास दोन पक्ष लागतात. शालेय नियमांनुसार पुढील अर्धांगणात प्रतिस्पर्ध्याने सहा फुटांच्या आत येऊन रक्षण केले, तर खेळाडूस पाच सेकंद चेंडू हाती धरून राहता येत नाही. म्हणजे टोपलीखाली ठाण मांडून बसलेला, बाहेर येण्यास नाखूष असलेला रक्षक संघही त्या स्तब्धतेचा भागीदारच ठरतो. ‘स्टॉल’ या क्रियापदास मात्र एकच कर्ता असतो. दुसऱ्याचा वाटा व्याकरणातच लपतो.

तथापि विरोधकांचा एक आक्षेप सहजासहजी बाजूस सारता येणार नाही. शाळेतील खेळ शिकण्यासाठी असतो. ज्या मुलास चेंडू टोपलीकडे फेकण्याची संधीच मिळत नाही, तो काय शिकला? यावर ‘संयम शिकला’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. चांगल्या संधीची वाट पाहणे निराळे आणि संधी नकोच असणे निराळे. पहिल्यात मुलाला निर्णय घ्यावा लागतो, दुसऱ्यात तो केवळ आज्ञा पाळतो. हा भेद दोन्ही पक्ष करीत नाहीत, आणि वादातील मोठी उणीव हीच आहे.

व्यावसायिक खेळाचे दाखले येथे वारंवार दिले जातात. 1950 मध्ये फोर्ट वेनने मिनियापोलिसला 19–18 असे हरविले आणि 1954 मध्ये 24 सेकंदांची मर्यादा आली, हे खरे. पण ती उपाययोजना प्रेक्षकांसाठी होती. (कबड्डीत चढाई करणाऱ्यास दमाची मर्यादा असते, तेथे घड्याळ माणसाच्या छातीतच आहे.) शाळांना तोच न्याय लावण्यापूर्वी वर्गातील मुलांचे हित वेगळे तपासावयास हवे होते. अमेरिकेतील शालेय नियमसंस्थेने 2022–23 च्या हंगामापासून 35 सेकंदांची मर्यादा स्वीकारण्याची मुभा राज्यांना दिली, सक्ती केली नाही. कारण घड्याळाचा आणि ते चालविणाऱ्या माणसाचा खर्च लहान शाळांवरच अधिक पडतो. मायलनसारख्या शाळेचे एकमेव शस्त्र काढून घ्यावयाचे आणि त्याचा खर्चही तिच्याकडूनच वसूल करावयाचा, या विसंगतीकडे घड्याळाचे पुरस्कर्ते क्वचितच पाहतात. आणि पन्नास गुणांनी पुढे असलेला संघ शेवटी चेंडू नुसता फिरवीत राहतो, तेव्हा त्याच कृतीला कोणीही ‘स्टॉल’ म्हणत नाही. तिला सौजन्य म्हणतात.