आपण कुणाला हसलो? ‘वळू’ आणि त्याचे प्रेक्षक

गेल्या खेपेला आपण करुण रसाबद्दल बोललो. आज हास्याबद्दल बोलायचंय, पण ग्रंथातून सुरुवात न करता एका सिनेमापासून करतो. ‘वळू’. २००८ साली आला. उमेश कुलकर्णी या दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा चित्रपट. पटकथा त्याची आणि गिरीश कुलकर्णीची. खर्च बेताचा, नाचगाणी नाहीत, नायक म्हणावा तर एक बैल. तर आता मूळ मुद्द्याकडे वळू. (हशा)

बघा, आत्ता काय झालं? पुढच्या दोन रांगांना शब्द लागला, त्या हसल्या. मागच्यांना शब्द ऐकूही आला नसेल, पण पुढचे हसले म्हणून तेही हसले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. कुसवडे नावाचं गाव. देवाला सोडलेला बैल, म्हणजे वळू, मोकाट सुटलाय. गावात काहीही मोडलं, पडलं, नासलं की नाव त्याचंच. त्याला पकडायला वनखात्याचा अधिकारी येतो. ती भूमिका अतुल कुलकर्णीची. बैल पकडायला वनखातं, इथूनच गंमत सुरू होते. अधिकाऱ्याबरोबर त्याचा भाऊ येतो, या सगळ्या मोहिमेचा माहितीपट करायला. कॅमेरा आला म्हटल्यावर गाव त्याच्यासमोर उभं राहतं. सरपंचाचा गट आणि विरोधी गट, दोघांनाही बैलापेक्षा श्रेयाची काळजी जास्त.

हा सिनेमा मी शहरातल्या एका थिएटरात पाहिला. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते. पट्टी निघाली होती, म्हटलं चला, बैलाचा सिनेमा आहे. दादांची हयात बैलांमागे गेलेली.

थिएटर छान भरलं होतं आणि लोक खूप हसत होते. मीही हसत होतो. मध्यंतराच्या थोडं आधी माझ्या ध्यानात आलं, की दादा हसत नाहीयेत. पडद्यावर एखादं पात्र नुसतं बोलायला लागलं, त्याची बोली कानावर पडली, की थिएटर हसायचं. विनोद अजून यायचा असायचा, हसू आधीच आलेलं असायचं. तिथे दादा गप्प. पण गावकरी एकामागून एक बैलाच्या कागाळ्या सांगतात ना, तिथे दादा एकटेच खदखदून हसले. डोळ्यांतून पाणी. मला आधी ऑपरेशनचीच काळजी वाटली.

घरी येताना रिक्षात म्हणाले, “आपल्या पाटलाघरची चोरी अशीच व्हती. पयल्या दिशी एक घागर गेली, आठ दिसांत सगळं घर गेलं.” म्हणजे त्यांना काय दिसलं? अफवा कशी वाढते ते दिसलं. स्वतःचं गाव दिसलं आणि त्यात स्वतःही दिसले. मग त्यांनी मला विचारलं, “ती मान्सं नुसती बोलत व्हती तवा तू कशाला हसलास रं?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होतो मी तेव्हा, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. हॉब्जची हास्याची उपपत्ती वर्षानुवर्षं शिकवत आलेला माणूस. हॉब्ज सांगतो, की दुसऱ्याचं उणेपण दिसलं की आपल्याला स्वतःच्या मोठेपणाचा अचानक साक्षात्कार होतो, आणि हसू हे त्या साक्षात्काराचं. ही उपपत्ती मला नेहमी जरा कडवट वाटायची. त्या रात्री ती माझ्यावरच येऊन बसली.

कारण सांगतो. खेड्यातून कॉलेजात आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मी वर्गात ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालो. वर्ग हसला. वाईट माणसं नव्हती ती, सहज हसली. पण पुढचं वर्षभर मी खोलीवर ‘ण’ आणि ‘न’ घोटत बसलो. जीभ सरळ झाली. आणि चाळीस वर्षांनी, ज्या बोलीत माझी आई बोलली तिला मी चारशे लोकांबरोबर हसलो.

आता भरताकडे जाऊ. नाट्यशास्त्रात हास्य दोन प्रकारचं सांगितलंय, आत्मस्थ आणि परस्थ. याच्या अर्थावरून टीकाकारांत मतभेद आहेत. मला जगन्नाथ पंडितांचा अर्थ उपयोगी वाटतो. हास्याचं कारण स्वतः पाहून जे येतं ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसताना पाहून जे येतं ते परस्थ. मघाशी मागच्या रांगांत जे झालं, ते परस्थ. थिएटरातलं माझं हसू तेच होतं. दादांचं आत्मस्थ, कारण ते एकटे हसले.

भरत आणखी सहा पायऱ्या सांगतो. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या लोकांचं, विहसित आणि उपहसित मध्यमांचं, अपहसित आणि अतिहसित अधमांचं. म्हणजे आवाज जितका मोठा आणि अंग जितकं हलेल, तितका माणूस खालचा. इथे मी भरताशी भांडतो. दादांचं हसू या यादीत सरळ तळाला जाईल. डोळ्यांत पाणी, खांदे हलतायत. माझं मात्र मध्यमात बसलं असतं, जरा बेताचं. पण दोघांत निर्मळ हसू कुणाचं होतं? हसण्याची प्रत आवाजावरून ठरवता येत नाही. हसणारा माणूस हसल्या गेलेल्यांत स्वतःला धरतो की वगळतो, यावर ती ठरते.

मग प्रश्न येतो, दोष सिनेमाचा की आमचा? दोन्ही बाजू मांडतो. सिनेमा पूर्ण निर्दोष नाही. काही दुय्यम पात्रं एकाच लकबीवर उभी आहेत. ती आली की प्रेक्षकाला हसण्याची खूण मिळते. बर्गसाँ म्हणतो, हसताना हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते. या पात्रांच्या बाबतीत ती भूल दिग्दर्शकानेच दिलीय. बैलामागची धावाधावही पुढे पुढे तीच ती वाटते.

पण दुसरी बाजू मला जड वाटते. या सिनेमात शहरातून आलेला कॅमेरा बाहेर लपून राहत नाही, तो पात्र म्हणून गावात वावरतो. गाव बघणारा माणूस आपल्याला सतत दिसत राहतो. म्हणजे आपण, तिकीट काढून बसलेले, आपणही पडद्यावर आहोत. आणि गावकरी कॅमेऱ्यासमोर जे करतात ते खेडवळपणातून येत नाही. आज फोन समोर धरला की तुमचा-माझा नातू, आणि मीसुद्धा, तेच करतो. शिवाय ज्याच्यावर सगळे आरोप, तो एकटाच काही बोलत नाही. शेवटी तो पकडला जातो, तेव्हा गाव सुटल्यासारखं वाटायला हवं. तसं वाटत नाही. आमच्या थिएटरातही तेव्हा हसू थांबलं होतं. तासभर ज्याला धोका धोका म्हटलं, त्याने नक्की काय केलं, हे आठवायला गेलं तर फारसं काही हाती लागत नाही.

म्हणून मी म्हणेन, की सिनेमाने दार उघडं ठेवलं होतं, आम्ही खिडकीतूनच बघितलं. समीक्षक विचारतात, लोक किती हसले. माझा प्रश्न लोक कुठे हसले, हा आहे. तुम्ही घरी ‘वळू’ पुन्हा लावा, शक्यतो वेगळ्या गावच्या, वेगळ्या बोलीच्या माणसाबरोबर. आपल्याला हसू येईल तिथे शेजारी बघा. तो गप्प असेल तर थांबा आणि विचारा.

दादांच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, पण चार वर्षांनी. त्यांच्या ओसरीवर बसून कॉलेजातली ‘पानी’ची गोष्ट सांगितली. ती त्यांना ठाऊकच नव्हती. ऐकून थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग आत बघून ओरडले, “अगं, मास्तरला पानी आन.” आणि आम्ही दोघंही हसलो.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.