आशा, पाश आणि दोर : अम्माऊसच्या कथेचे एक मराठी वाचन

ईस्टर हा एका दिवसाचा सण नव्हे. पाश्चात्य ख्रिस्ती उपासनापरंपरेत पुनरुत्थानदिनापासून पेंटेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस हा एकच सलग काळ मानला जातो व त्या काळात वाचावयाचे शास्त्रपाठ ठरलेले असतात. १९६९ नंतरच्या कॅथलिक पाठक्रमात दुसऱ्या रविवारी दरवर्षी थोमाच्या अविश्वासाची कथा येते आणि तीन वर्षांच्या चक्रातील पहिल्या वर्षी तिसऱ्या रविवारी अम्माऊसच्या वाटेवरील दोघांची. हे पाठ ओळीने वाचणाऱ्यास प्रथमदर्शनीच एक विसंगती जाणवते. आनंदाच्या ह्या काळासाठी निवडलेल्या कथा प्रामुख्याने विश्वास न बसलेल्या माणसांच्या आहेत. त्या कथांत कोणी रडत आहे, कोणी कवाडे लावून बसला आहे, तर कोणी गाव सोडून निघाला आहे.

मराठी समीक्षेने ह्या कथांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्याचे एक कारण ऐतिहासिक आहे. मराठी साहित्यात ख्रिस्ती धर्मग्रंथाचा जो प्रवेश झाला तो मुख्यत: नीतिपर वचनांच्या दाराने. रेव्हरंड ना. वा. टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाकडून नवा करार मिळाला आणि त्यांचे मन वेधले ते डोंगरावरील प्रवचनाने. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मागून आलेल्या वाचकानेही, तो ख्रिस्ती असो वा नसो, येशूकडे पाहिले ते क्षमेचा उपदेश करणारा साधुपुरुष म्हणून. पुनरुत्थानाचे अध्याय श्रद्धावंतांसाठी सोडून देण्यात आले. परंतु विश्वास आणि आशा हे शब्द धर्मग्रंथात ज्या ठिकाणी सर्वांत अधिक ताणले जातात ती ठिकाणे ह्याच अध्यायांत आहेत आणि त्यांची भाषिक घडण तपासण्यासाठी समीक्षकाने श्रद्धावंत असण्याची आवश्यकता नाही.

लूकच्या चोविसाव्या अध्यायातील कथा अशी. वधस्तंभानंतरच्या तिसऱ्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून साठ स्तादिये, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर दूर असलेल्या अम्माऊस गावी चालले आहेत. एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे नाव लूक देत नाही. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांच्या सोबतीला येतो व कसले बोलणे चालले आहे असे विचारतो. ते उदास होऊन उभे राहतात. मग क्लयपा येशूची हकीकत सांगतो आणि तीत एक वाक्य उच्चारतो : इस्राएलाला सोडवणारा तो हाच, अशी त्यांची आशा होती. मूळ ग्रीकमधील क्रियापद ‘एल्पिझोमेन’. ते अपूर्ण भूतकाळी आहे. आशा करण्याची क्रिया दीर्घकाळ चालू होती एवढेच ते रूप सांगते. ती केव्हा संपली, संपली की नाही, हे सांगत नाही. त्याच्या आधी ‘आम्ही’ हे सर्वनाम मुद्दाम घातले आहे. ग्रीकमध्ये क्रियापदावरूनच पुरुषाचा बोध होत असल्यामुळे ते घालण्याचे व्याकरणिक कारण नाही. ज्यांनी त्याला धरून दिले ते वेगळे आणि आशा करणारे आम्ही वेगळे, असा तो सल आहे.

मराठीत हे वाक्य आणताना एक अडचण उभी राहते व ती केवळ काळाची नाही. ‘आम्हांला आशा होती’ असे म्हणताच कर्ता प्रथमेतून चतुर्थीत जातो. ज्याला भूक आहे, ज्याला तहान लागली, ज्याला भीती वाटली, त्याच्याच पंक्तीला आशा असलेला जाऊन बसतो. मराठीत आशा माणूस करतो त्यापेक्षा ती त्याला लागते. आस लागते, ध्यास लागतो, वेड लागते. ‘आम्ही आशा करीत होतो’ हा प्रयोग व्याकरणशुद्ध असला तरी त्याला भाषांतराचा वास येतो. क्लयपाने जे काम म्हणून सांगितले ते मराठीत अवस्था होऊन उतरते. हा भाषांतरकाराचा दोष नव्हे. आशेविषयीची एक जुनी समजूत ह्या वाक्यरचनेत मुरलेली आहे.

ती समजूत जाणून घ्यावयाची तर एकादश स्कंधाकडे जावे लागते. भागवताच्या ह्या स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची कथा यदुराजास सांगतो. त्यांपैकी एक विदेहनगरीची पिंगला नावाची वेश्या. ती रात्री दाराशी उभी राहून श्रीमंत गिऱ्हाइकाची वाट पाहते. एक जातो, दुसरा येईल असे तिला वाटते. ती आत जाते, पुन्हा बाहेर येते. मध्यरात्र होते. मग तिला वैराग्य येते, ती आशा तोडून टाकते आणि सुखाने झोपी जाते. एकनाथांनी ह्या स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशीस पूर्ण केली व त्यानंतर पिंगला महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. आशा हा पाश, तो तुटला की निद्रा येते, ही शिकवण मराठी मनाला ओवीबरोबरच मिळाली.

आता पिंगला आणि क्लयपा शेजारी ठेवून पाहावेत. दोघांचीही वाट पाहण्याची रात्र संपलेली आहे, आणि ज्याची वाट पाहिली तो आलेला नाही. पिंगला आशा सुटताच शांत होते. क्लयपाची आशा सुटली आहे आणि तो अशांत आहे. भागवताच्या दृष्टीने पाहिले तर क्लयपाची सुटका अर्धवट झाली. आशेचे मूळ अजून त्याच्यात आहे म्हणूनच तो दु:खी आहे. लूकच्या दृष्टीने मात्र पिंगलेने आशा नव्हे, तिचा चुकीचा विषय सोडला. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की भागवतातही पिंगला शेवटी रिकामी राहत नाही. हृदयस्थ भगवंत हाच आपला खरा रमण, त्याला सोडून आपण इतरांच्या मागे लागलो, असे ती स्वत:शीच म्हणते. म्हणजे दोन ग्रंथांतील अंतर वरवर वाटते तेवढे मोठे नाही. ते आहे ह्यात की भागवत ह्या नव्या वळणास आशा हे नाव देत नाही.

हिब्रू मात्र तेच नाव देते. त्या भाषेत आशेसाठी असलेला ‘तिक्वा’ हा शब्द यहोशवाच्या ग्रंथात दोर ह्या अर्थीही येतो. यरीहो नगरात राहाब नावाची वेश्या हेरांना आश्रय देते आणि आपल्या घराच्या खिडकीला किरमिजी दोर बांधते; त्या खुणेने तिचे कुटुंब वाचते. पिंगलेचा पाश आणि राहाबेचा दोर! दोन्ही ठिकाणी स्त्री तीच, उंबरठा तोच, वस्तूही जवळजवळ तीच. फक्त एका ठिकाणी तो तोडल्याने सुटका होते, दुसऱ्या ठिकाणी तो बांधल्याने. इब्री लोकांस पत्राचा कर्ता पुढे आशेला जिवाचा नांगर म्हणतो. नांगरालाही दोर असतोच. ग्रीक परंपरेत हे मूळचे नव्हते. हेसिओदच्या काव्यात पांडोराच्या रांजणात मागे राहिलेली ‘एल्पिस’ हे वरदान की आणखी एक पीडा, ह्याचा निवाडा आजही एकमताने झालेला नाही. त्या संदिग्ध शब्दात दोराचे बळ भरले ते हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतराने. एखाद्या भाषेतील शब्द नवा अर्थ उचलू शकतो, मात्र त्यास पिढ्या लागतात, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

मराठी ‘आशा’ हा भार उचलण्याच्या वाटेवर कोठवर आली आहे? करिंथकरांस पत्रातील तीन गुणांसाठी विश्वास, आशा, प्रीती ही त्रयी मराठी बायबलात रूढ आहे. गोव्याच्या कॅथलिक कोंकणीने वेगळी निवड केली. तेथे विश्वास हा ‘भावार्थ’, आशा हा ‘भरवंसो’ आणि प्रीती हा ‘मोग’. मराठी वाचकाला ‘भावार्थ’ वाचून गोषवारा आठवेल, पण ‘भरवसा’ त्याच्या ओळखीचा आहे व आशेहून तो एका बाबतीत सरस आहे. आशा कशाची तरी असते. भरवसा बहुधा कोणावर तरी असतो. क्लयपाचे दु:ख तंतोतंत भरवशाचे आहे. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला, ह्या म्हणीतील विनोद बाजूला ठेवला तर जे उरते ते त्याचेच गाऱ्हाणे. अडचण एवढीच की आजच्या बोलण्यात भरवसा बहुधा नकारातच भेटतो : कशाचा भरवसा नाही, कोणाचा भरवसा धरावा. हा आक्षेप खरा आहे. तरीही पाशाची सावली नसलेला शब्द म्हणून त्याचा विचार व्हावयास हवा होता.

कथेचा उत्तरार्ध अधिक नाजूक आहे. अनोळखी माणूस मोशेपासून सर्व संदेष्ट्यांचा अर्थ त्यांना सांगत चालतो. गाव येते. तो पुढे जाणार असे दाखवतो. दिवस कलला आहे म्हणून ते त्याला राहण्याचा आग्रह करतात. तो भाकर मोडून देतो, त्यांचे डोळे उघडतात, ते त्याला ओळखतात आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. मगच त्यांना आठवते की वाटेवर शास्त्र ऐकताना आपले अंत:करण पेटले होते. ह्या क्रमाकडे टीकाकारांचे व्हावे तितके लक्ष जात नाही. संपूर्ण शास्त्रार्थ, तोही अशा वक्त्याच्या मुखातून, ऐकूनही त्यांना ओळख पटत नाही. ग्रंथाने विश्वास दिला असे म्हणता येत नाही आणि ग्रंथाविना तो आला असेही नाही. वाचनाचा परिणाम वाचून झाल्यावर, जेवणाच्या पानावर, मागे वळून पाहताना कळतो.

हे सारे लूकने एका क्रियापदावर उभे केले आहे. ‘दियानोइगो’, पूर्णपणे उघडणे. ते ह्या अध्यायात तीनदा येते : डोळे उघडले, शास्त्र उघडले आणि पुढे यरुशलेमात सर्व शिष्यांची मने उघडली. भाषांतरकाराचा कल साहजिकच डोळे उघडण्याकडे, शास्त्र उलगडून सांगण्याकडे आणि मनाला समज देण्याकडे होतो, आणि तिहेरी धागा तुटतो. वस्तुत: मराठीला येथे काहीच कमी नाही. डोळे उघडतात, पोथी उघडते, मनही उघडते. ज्या घरांत पोथी फडक्यात बांधून ठेवीत व वाचनाच्या वेळी सोडीत, त्या घरांतील श्रोत्यास शास्त्र उघडणे हे रूपक समजावून सांगावे लागले नसते.

पोथीचा उल्लेख आला म्हणजे थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चा विचार टाळता येत नाही. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि त्याचे पुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे का देत नाही. त्या विचारण्यामागे साष्टीचा इतिहास आहे. १५६७ मध्ये तेथील देवळे पाडली गेली, आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले. स्टीफन्सच्या भाषेची, त्याच्या ओवीची, मराठीविषयीच्या त्याच्या प्रेमाची स्तुती पुष्कळ झाली व ती योग्यच आहे. पण अम्माऊसच्या कथेशेजारी ठेवले असता त्याच्या कार्यातील ताण दिसू लागतो. अम्माऊसच्या वाटेवर अनोळखी माणूस त्या दोघांची स्वत:चीच पोथी उघडतो. साष्टीत श्रोत्यांची पोथी उघडली गेली नाही, काढून घेतली गेली. त्यांच्या ओळखीचे असे नव्या पुराणात उरले ते वृत्त आणि शब्द. तरीही ते पुराण त्या समाजाच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या गायिले व कानडा मुलखात स्थलांतर करतानाही बरोबर नेले. १९०७ ची सालढाणा ह्यांची आवृत्ती मंगळूरलाच निघाली. हिसकावून घेतलेल्याच्या जागी मिळालेली वस्तूही कालांतराने खरोखरीची आपली होते काय, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या हाती आहे तसा तो इतिहासकाराच्याही आहे. स्टीफन्सवरील बहुतेक लेखन त्याच्यापाशी पोहोचण्यापूर्वीच थांबते.

योहानाच्या विसाव्या अध्यायात अशीच एक जागा आहे. थडग्याबाहेर रडणारी मग्दालीया मरीया येशूला माळी समजते. तो तिला केवळ नावाने हाक मारतो आणि ती ओळखते. नंतर तो तिला जे सांगतो त्यातील क्रियापद चालू क्रियेचा निषेध करणारे आहे : धरून राहू नको. लॅटिन भाषांतरामुळे स्पर्शनिषेधाचा अर्थ युरोपात रूढ झाला. मराठीत ‘शिवू नको’ म्हटले तर काय होईल हे सांगावयास नको. सोवळ्याचा आणि विटाळाचा सर्व इतिहास त्या एका क्रियापदाबरोबर थडग्याच्या दारात येऊन उभा राहतो आणि प्रेमाने घातलेली मर्यादा तुच्छतेची वाटू लागते.

मार्कची कथा सर्वांत आखूड. चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन ह्या हस्तलिखितांत ते शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनातच संपते : स्त्रिया थडग्यापासून पळाल्या व कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना भीती वाटत होती. पुढील वचने नंतर जोडली गेली. ग्रीकमध्ये शेवटचा शब्द ‘गार’, कारण दाखवणारा निपात, आणि अशा शब्दाने ग्रंथ संपावा ह्याचे विद्वानांना नवल वाटत आले आहे. कित्येकांनी शेवटचे पान हरवले असावे असा तर्क केला. मराठीत ‘कारण’ वाक्यारंभी आणावे लागते, त्यामुळे हे नवल नाहीसे होते. पण बोलत्या मराठीत एक रचना आहे, तीत कारण शेवटीच येते आणि ऐकणाऱ्याकडे पाहत थांबते : भ्याल्या होत्या ना. लिखित भाषांतरात हा ‘ना’ कोणी घालणार नाही. तो फार घरगुती आहे. एखाद्या वृद्ध स्त्रीने ही गोष्ट नातवंडांस सांगितली तर मात्र ती तो घालील, आणि मग पुढे काय झाले असे मुले विचारतील.