वारस नसलेलं खातं

आद्य मराठी कवयित्री महदंबा. तेराव्या शतकात गोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली, तेव्हा बाईंनी रुक्मिणीच्या लग्नाचे 'धवळे' गायले म्हणतात. पुढे ते पोथीत उतरले आणि वाङ्मयाच्या खात्यात जमा झाले. ठीकच!

पण आमच्या पनवेलकडच्या आगरी लग्नात धवलारीण अजून हेच करते. हळद असो, मांडव असो, विधीगणिक तिचा धवला ठरलेला. आणि सगळं तोंडपाठ! भटजीसुद्धा पोथी चाळतात हो! तरी तिची नोंद 'लोकगीत' या किरकोळ खात्यात. का, तर सहीचा नमुना नाही! अहो, महदंबाही आधी गायलीच ना?

तेव्हा टीकाकारांनो, जरा मांडवात या. डीजे लागला की हे खातं बंद. आणि त्याला वारस नेमलेला नसतो.