कृ. हो. आरा यांची पुष्पचित्रे : जलरंगाच्या अपारदर्शक वापराविषयी

स्थिरचित्र हा चित्रप्रकार आपल्याकडे सामान्यतः पूर्वतयारीचा मानला जातो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा झाल्या की सोलापुरातील बहुतेक विद्यार्थ्यांचा वस्तुचित्राशी संबंध संपतो. या समजुतीला छेद देणारे उदाहरण म्हणून कृष्णाजी हौलाजी आरा (१९१४-१९८५) यांच्या फुलदाण्यांच्या चित्रांचा येथे विचार केला आहे.

सिकंदराबादजवळील बोलारम येथे जन्मलेले आरा लहानपणीच मुंबईत आले. घरकाम करीत, मोटारी धुत त्यांनी चित्रकला जोपासली. मिठाच्या सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास घडला (त्याच १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला होता). १९४२ साली त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले आणि १९४७ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांपैकी एक ठरले. पंढरपुरात जन्मलेले हुसेन याच गटातले. हे चरित्र इतके हृद्य आहे की समीक्षा बहुधा तेथेच रेंगाळते. ‘स्वयंशिक्षित’ या विशेषणाखाली चित्रकाराने जाणीवपूर्वक केलेल्या निवडी मग झाकल्या जातात.

महाराष्ट्रातील जलरंगाची प्रतिष्ठा मुख्यतः पारदर्शकतेवर उभी आहे. सा. ल. हळदणकर यांच्या ‘ग्लो ऑफ होप’मध्ये पातळ थरांखालून कागदाचा शुभ्रपणा प्रकाश होऊन येतो. आरा नेमका हाच आधार सोडतात. जलरंग आणि गुआश ते तैलरंगासारखे दाट लावतात. कागद झाकला गेल्यामुळे उजेड आता शेजारशेजारच्या रंगांच्या संघर्षातूनच निर्माण व्हावा लागतो. पाकळीची नाजूकता त्यात हरवते, हे मान्य केले पाहिजे. पण फुलांच्या गुच्छाला वजन येते आणि फुलदाणी मेजावर ठामपणे बसते. फूल झेंडूचे की डेलियाचे, हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरित राहतो. मला तो येथे गैरलागूच वाटतो.

हा विषय आरांनी वारंवार हाताळला. त्यातील काही चित्रांत रचना सवयीने झालेली दिसते, तेथे रंगाचा दाटपणाही केवळ लकब उरतो.

अशा चित्रांच्या आकलनात आणखी एक अडचण आहे. वर्गात आपण दाखवतो ती छापील प्रतिकृती, आणि छपाईत रंगाचा थर सपाट होतो. मूळ चित्राकडे किंचित तिरक्या कोनातून पाहिल्यावर पाकळीच्या कडेला साचलेला रंग दिसला, तेव्हा प्रस्तुत लेखकाला आपले आधीचे मत बदलावे लागले.