आनंद होणे, आनंद घेणे : काही इंग्रजी शब्दांविषयी

कीट्सने 1819 साली ‘ओड ऑन मेलन्कली’ लिहिली. तिच्या अखेरच्या कडव्यात ‘जॉय’, ‘प्लेझर’ आणि ‘डिलाइट’ हे तीनही शब्द चार-पाच ओळींच्या अंतरात येतात. मराठीत त्या कडव्याचा अर्थ सांगू लागलो की तिघांनाही ‘आनंद’ म्हणून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकही वर्गात अनेक वर्षे हेच करीत आला. फार तर एका ठिकाणी ‘सुख’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘हर्ष’ घालून पुनरुक्ती टाळायची. कडवे मात्र त्यामुळे कोसळते, कारण कीट्सने या तिघांना तीन वेगळी शरीरे दिली आहेत. जॉय हा निरोप घेणारा पुरुष आहे. त्याचा हात सदैव ओठांशी आहे, तो आला तेव्हापासूनच निघालेला आहे. प्लेझर जवळच आहे, पण ते ठणकते. मधमाशीसारखे तोंड लावून ते शोषीत असतानाच त्याचे विष होत जाते. डिलाइट ही तर व्यक्तीच नव्हे, ती वास्तू आहे, देऊळ आहे. आणि त्या देवळाच्या गाभाऱ्यात विषण्णतेची मूर्ती आहे. एक जातो, एक नासते, एक उभे राहते. या तीन गतींवरच कडव्याचा तोल आहे.

यांपैकी ‘प्लेझर’ शब्दाचा स्वभाव कवितेबाहेर अधिक स्पष्ट दिसतो. तो मूळचा जुन्या फ्रेंचमधील क्रियापद आहे, ‘रुचणे, पसंत पडणे’ या अर्थाचा. त्यामुळे इच्छा आणि निवड त्याच्या हाडीमासी भिनलेली आहे. आपल्या संविधानाच्या 156 व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल राष्ट्रपतींच्या ‘प्लेझर’पर्यंत पद धारण करतो. हिंदी पाठात तेथे ‘प्रसादपर्यंत’ असा देखणा शब्द आहे. मराठीत ‘मर्जी’ म्हटले की नेमका अर्थ हाती येतो. राष्ट्रपतींचा ‘आनंद’ असेतोवर राज्यपाल पदावर राहतो, असे म्हणून पाहा! हसू येते, आणि त्या हसण्यातच फरक कळतो. मर्जीला मालक असतो. प्लेझर घेता येते, देता येते, नाकारता येते, निमंत्रणपत्रिकेवर छापता येते. ‘जॉय’बाबत यांतले फारसे काही जमत नाही.

गंमत अशी की ‘जॉय’पासूनच निघालेले ‘एन्जॉय’ हे क्रियापद मात्र थेट मालमत्तेच्या कायद्यात जाऊन बसले आहे. 1882 च्या सुविधाधिकारांच्या कायद्यात जमिनीचे ‘एन्जॉयमेंट’ येते. तेथे कोणाला हर्ष वगैरे झालेला नसून विहिरीचे पाणी किंवा जाण्यायेण्याची वाट बिनतक्रार वापरता येण्याचा प्रश्न असतो. आज आपली मुले ‘एन्जॉय करतात’, तेव्हा त्यांच्या नकळत हा उपभोगाचा जुना अर्थच जागा झालेला असतो, असे मला वाटते.

वर्ड्‌स्वर्थकडे वळले की या भेदाला समीक्षेच्या दृष्टीने खरे महत्त्व येते. ‘लिरिकल बॅलड्‌स’च्या प्रस्तावनेत 1802 साली त्याने जी भर घातली, तिच्यात कवीवर एकच बंधन मानले आहे : वाचकाला तत्काळ ‘प्लेझर’ देण्याचे. बेंथॅमचा ग्रंथ 1789 साली प्रसिद्ध झाला होता. सुख आणि दुःख ही मोजमापाची परिमाणे बनू लागली होती. अशा वेळी हा हिशेबी, जिभेचा, बाजारचा शब्द वर्ड्‌स्वर्थने जाणूनबुजून उचलला. दोरीवरची कसरत किंवा शेरी यांच्या आवडीसारखीच कवितेची आवड समजणाऱ्यांना तो तेथेच फटकारतो. पण शब्द टाकून देत नाही, त्यालाच वर उचलतो. दुसऱ्याच्या दुःखाविषयीची सहानुभूतीसुद्धा सुखाच्याच आधाराने चालते, इथपर्यंत तो जातो. आपण मात्र हे ‘प्लेझर’ मराठीत आणताना त्याचा ‘काव्यानंद’ करतो, आणि ‘काव्यानंद’ म्हटले की मागोमाग विश्वनाथाचे ‘ब्रह्मास्वादसहोदर’ येणारच. वर्ड्‌स्वर्थने जो शब्द खालून वर नेला, तो आपण आरंभीच शिखरावर ठेवतो. मग त्याच्या धाडसाचा मागमूस उरत नाही. अभिनवगुप्त आणि वर्ड्‌स्वर्थ यांच्यात साम्य दाखविणारे कितीतरी विवेचन या एका भाषांतरावर उभे आहे, हे सांगणे मला प्राप्त आहे.

त्याच 1802 साली, 4 ऑक्टोबरला, कोलरिजची ‘डिजेक्शन’ ही कविता ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आली. त्याच दिवशी वर्ड्‌स्वर्थचा विवाह झाला. त्या कवितेतला कोलरिज आकाश, तारे, चंद्र पाहतो, त्यांचे सौंदर्य त्याला कळतेही. ते भिडत मात्र नाही. हरवला आहे तो ‘जॉय’. तो बाहेरून मिळत नाही, आतून उजळतो आणि सृष्टीला उजळवतो. येथे ‘आनंद’ हाच शब्द योग्य, औपनिषदिक छटेसह. पण कीट्सचा निरोप घेणारा जॉय? भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत ‘हर्ष’ आहे. आला तसा जाणे हाच त्याचा धर्म. कीट्ससाठी तो चपखल बसतो. म्हणजे एकाच इंग्रजी नामाला दोन कवींमध्ये दोन प्रतिशब्द लागतात, आणि कोशाकडे पाहून हे ठरत नाही.

फ्रेंचमधून इंग्रजीत येतानाही हाच पेच पडला. बार्थच्या 1973 च्या पुस्तकातले ‘प्लेझीर’ इंग्रजीत सहज आले. ‘झुईसान्स’चे रिचर्ड मिलरने 1975 मध्ये ‘ब्लिस’ केले. मूळ शब्दाला देहाचा आणि मालमत्तेच्या उपभोगाचा वास आहे, तर ‘ब्लिस’ला प्रार्थनामंदिराचा. त्या ‘ब्लिस’वरून आपण ‘परमानंद’ केला, तर बार्थ थेट मठातच जाऊन बसेल.

मग मराठी दरिद्री आहे काय? मला तसे वाटत नाही. आपण शोध नामांत घेतो, आणि मराठीने हा भेद क्रियापदांत जपला आहे. ‘मला आनंद झाला’ या वाक्यात मी कर्ता नाही. आनंद कर्ता आहे आणि मी चतुर्थीत बसून राहिलो आहे. ‘मी आनंद घेतला’ म्हणताच मर्जी आली, निवड आली. ‘मी आनंद मानला’ यात तर जे पुढ्यात आले त्याशी केलेली तडजोडही आली.

सी. एस. लुइसने 1955 साली आत्मचरित्राला ‘सरप्राइझ्ड बाय जॉय’ हे नाव दिले आणि जॉय आपल्या हाती कधीच नसतो, प्लेझर बहुधा असते, असा भेद केला. ते नाव वर्ड्‌स्वर्थच्या 1815 साली प्रसिद्ध झालेल्या सुनीतातले. वर्ड्‌स्वर्थची मुलगी कॅथरिन 1812 मध्ये, चार वर्षांचीही झाली नसताना वारली. सुनीतात कवीला अवचित आनंद होतो, तो वाटून घेण्यासाठी तो वळतो, आणि जिच्याकडे वळला ती तर केव्हाच पुरलेली. क्षणभर तरी आपण हे विसरलो कसे, हा त्याचा खरा घाव. मराठीत ‘त्याने आनंद घेतला’ असे लिहिले तर ते पाप ठरेल, ‘हर्षित झाला’ हे नाटकी होईल. ‘एकाएकी आनंद झाला’ एवढेच लिहावे. त्या ‘झाला’त त्याचा अपराधही नाही आणि सुटकाही नाही.